उताऱ्यात अलमट्टी नाही

8 बरोबर, 15 चूक. बरोबरचे 3 प्रमाणे 24, चुकलेल्या प्रत्येकाचा 1 वजा म्हणजे 15 गेले, हातात उरले 9. एकूण 102 पैकी 9. जुलै 2019 मधल्या एका रविवारी, सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात, माळ्याखालच्या टेबलाशी बसून मी हा हिशेब तीनदा केला. लॅपटॉपची बेरीज चुकत नाही हे माहीत असूनही केला. आतून आईनं विचारलं, "झाला का गं पेपर? चहा टाकू?" मी म्हटलं, टाक. चहा येईपर्यंत लॅपटॉप मिटला होता, आणि कसा गेला विचारल्यावर मी "बरा गेला" असं सांगूनही टाकलं होतं.

तो सराव-पेपर कॅटचा होता. आयआयएमसारख्या संस्थांत व्यवस्थापन शिकायला जायचं तर ही प्रवेशपरीक्षा. दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटाला एका रविवारी होते, आयआयएम पाळीपाळीनं ती घेतात. त्या वर्षी कोझिकोडची पाळी होती. तेव्हा पेपर असा असायचा: 100 प्रश्न, 180 मिनिटं, तीन विभाग, प्रत्येकाला 60 मिनिटं. साठावं मिनिट संपलं की त्या विभागाचं दार बंद, मागे वळता येत नाही. आणि सगळ्यात आधी येतो तो इंग्रजी वाचनाचा विभाग. 34 प्रश्न, प्रत्येकी 3 प्रमाणे 102 गुण, माझे 9 याच विभागातले. त्यातले 24 प्रश्न उताऱ्यांवरचे. उरलेल्या 10 मध्ये विस्कटलेली वाक्यं ओळीनं लावणं, भलतंच घुसवलेलं वाक्य शोधणं, असले खेळ. तिथं माझा भोपळा होता. बरं, उतारे कशावर? एक मानववंशशास्त्रावर, एक मुंग्यांच्या दळणवळणावर, एक कुठल्या तरी युरोपीय चित्रशैलीच्या वादावर. मुद्दामच असे निवडतात, म्हणजे कुणालाच घरचं मैदान मिळू नये.

गणितात मार खाल्ला असता तर मला एवढं लागलं नसतं. गणित म्हणजे बाहेरची वस्तू, येते किंवा येत नाही. पण वाचन? नातेवाइकांत माझी ओळखच "ती वाचणारी" अशी. लग्नकार्यात मुली मेंदी काढायच्या तेव्हा मी कोपऱ्यात दिवाळी अंक घेऊन बसलेली. अप्पा मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी, आमच्याकडे पुस्तकं विकत घ्यायची ऐपत बेताचीच. पण वाचनालयाची वर्गणी त्यांनी कधी थकवली नाही. इंजिनिअरिंग केलं, पुण्यात दोन वर्षं नोकरी केली आणि ती सोडून घरी आले ती याच हिमतीवर, की गणित आणि तर्काचं बघून घेऊ, वाचनाचा विभाग तर आपला आहे. आता हा 9 चा आकडा मला सांगत होता की तुला वाचता येत नाही. अभ्यासात कमी पडलीस असं नाही, इंग्रजी कच्चं आहे असंही नाही. वाचताच येत नाही. चोवीस वर्षांच्या मुलीला हे ऐकवणं म्हणजे तुला चालता येत नाही असं सांगण्यासारखं आहे.

मग सुरू झाले इलाज. आजारी माणसाला प्रत्येक पाहुणा एक औषध सांगतो तसं. कुणी म्हणालं आधी प्रश्न वाच, मग उतारा. कुणी म्हणालं प्रश्नांकडे बघूही नकोस. कुणी म्हणालं प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य वाचलं की झालं. मी सगळं केलं. मोबाइलवर घड्याळ लावून शब्द मोजले. रोज सकाळी इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाचून अवघड शब्दांची यादी केली. यादी चारशेवर गेली आणि गुण होते तिथंच राहिले. खरं सांगायचं तर ती यादी करताना फार बरं वाटायचं. काहीतरी चाललंय असं वाटायचं. पराभवानंतर माणूस जी कामं काढतो त्यातली निम्मी स्वतःला गुंतवून ठेवण्यासाठीच असतात, असं माझं आता मत झालंय. शब्दांची वही देखणी होती, लाल-निळ्या शाईत. 9 चा पेपर मात्र मी उघडूनही बघितला नव्हता.

त्यात जयसिंगपूरचा एक मित्र. मेकॅनिकलचा, पाठ्यपुस्तकाबाहेरचं पुस्तक त्यानं आयुष्यात उघडलं नसेल. तो याच विभागात 60 च्या आसपास गुण आणायचा. मी एकदा न राहवून विचारलं, कसं करतोस रे? तो म्हणाला, "मला त्यात काही इंटरेस्टच नसतो गं. मशीनचं ड्रॉइंग बघतो तसं बघतो. हा पार्ट इथं आहे, तो तिथं. मला काय त्या मुंग्यांशी देणंघेणं?" मी हसले आणि मनातून त्याचा राग आला. एखाद्याला गाण्यातलं काही कळत नसावं आणि तरी त्यानंच सूर अचूक ओळखावा, तसलं काहीतरी वाटलं.

ऑगस्ट लागला आणि पाऊस थांबेना.

सांगलीत पूर आकाशाकडे बघून कळत नाही, आयर्विन पुलावरून कळतो. 1929 साली बांधलेला कृष्णेवरचा हा पूल म्हणजे गावाचा थर्मामीटर. पुलाजवळ 40 फूट पाणी झालं की इशारा, 45 झालं की धोका. लहान पोरांनाही हे आकडे पाठ. आणि आमच्या घरात आणखी एक आकडा होता. 2005 च्या पुरात आयर्विनजवळ पाणी 53 फुटांच्या पुढे गेलं होतं, तेव्हा आमच्या माजघरात गुडघ्याच्या थोडं वर पाणी आलं होतं. ओसरल्यावर अप्पांनी दाराच्या मागे तेलरंगानं एक रेघ मारून तारीख घातली. ती रेघ हा आमच्या घरातला शेवटचा शब्द. गॅसची शेगडी कुठं ठेवायची, फ्रिजखाली किती विटा, कागदपत्रांचा डबा कुठल्या फळीवर, सगळं त्या रेघेवरून ठरलेलं.

तर त्या आठवड्यात मोबाइलवर तासातासाला संदेश येत होते. कोयना धरणातून इतका विसर्ग, वारणेतून इतका, आयर्विनला इतके फूट. मीच ते वाचून दाखवत होते. अप्पा ऐकत होते आणि प्रत्येक वेळी दाराच्या मागे बघत होते. "2005 ला पण असंच म्हणत होते. रेघेच्या वर काय जात नाही." शेजारचे काका येऊन बसले, त्यांचंही तेच. मग गाडी वळली अलमट्टीवर. कृष्णेवरच, पण खाली कर्नाटकात असलेल्या त्या धरणानं दरवाजे उघडले की नाही, किती उघडले, तिथं अडलेल्या पाण्याचा फुगवटा इथपर्यंत येतो की नाही. या विषयावर सांगलीत आजही दोन तट आहेत आणि दोन्ही तटांना रात्रभर बोलायला पुरेसं आहे. आम्ही त्या रात्री अलमट्टीवर तास-दीड तास बोललो. हातातल्या संदेशात कोयनेचा विसर्ग वाढवत असल्याचं स्वच्छ लिहिलं होतं. मी ते मोठ्यानं वाचलंही होतं. आम्ही सामान रेघेच्या फूटभर वर उचलून ठेवलं आणि फार काळजी घेतली असं समजून झोपलो.

पाणी 57 फुटांच्या वर गेलं. रेघेच्या वर चार फूट. त्याआधीच, दुसऱ्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यातून आम्ही बाहेर पडलो होतो, विश्रामबागला मावशीकडे. सगळं सांगण्याची ही जागा नाही. ज्यांनी तो ऑगस्ट बघितला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही त्यांना चिखलाचा वास शब्दांत सांगता येत नाही. माझी लाल-निळी वही गेली. वाचनालयातली पुस्तकंही भिजली. लॅपटॉप पाठीवरच्या पिशवीत होता म्हणून राहिला, आणि त्यात तो 9 चा पेपरही सुखरूप राहिला. पुरातदेखील वाहून जायला तयार नव्हता.

मावशीकडे आम्ही तीन आठवडे होतो. दिवसा गावभागात जाऊन घर धुवायचं, संध्याकाळी परत. मावसबहीण दहावीत. तिच्या टेबलाच्या एका कडेला मला जागा मिळाली. एका संध्याकाळी ती मराठीच्या कृतिपत्रिकेचा सराव करत होती. उतारा, त्याखाली चौकटी पूर्ण करा, आकृतिबंध, आणि सगळ्यात शेवटी "स्वमत". उताऱ्यातल्या विषयावर तुमचे विचार लिहा. ती भराभर लिहीत होती. मी विचारलं, यात गुण कसे देतात गं? तिच्याऐवजी काकांनी उत्तर दिलं. मावशीचे यजमान, मराठीचे शिक्षक, निवृत्तीला आलेले. "चार-पाच वाक्यं नीट लिहिली, विषय सोडला नाही, की मिळतात. स्वमतात सहसा कुणी उपाशी राहत नाही."

मी हसले, आणि हसता हसता थांबले. शाळेत माझी सगळी मिजास असल्याच प्रश्नांवर होती. तुम्हाला काय वाटतं, योग्य शीर्षक द्या, आपल्या शब्दांत सांगा. मी उताऱ्यात चार गोष्टी घालून परत करायचे आणि बाई शाबासकी द्यायच्या. मला वाचन म्हणजे तेच वाटत आलं होतं. लेखकानं बोलायचं, मग मी बोलायचं. कॅटच्या त्या 24 प्रश्नांत स्वमत नव्हतं. उत्तरतालिकेवर हरकत घ्यायची सोय तेवढी आहे, पण तिची फी भरावी लागते.

काकांना मी माझं दुखणं सांगितलं, पहिल्यांदाच कुणाला तरी खरा आकडा सांगितला. त्यांना कॅट म्हणजे काय ते नीटसं माहीत नव्हतं. पण पेन खाली ठेवून ते म्हणाले, "आमच्याकडे एक जुनं उदाहरण आहे बघ, काव्यशास्त्रातलं. सूर्य मावळला. एवढंच वाक्य. गुराखी ऐकतो तर त्याला वाटतं गुरं वळवायला हवीत. चोर ऐकतो तर म्हणतो, चला, कामाची वेळ झाली. ब्राह्मणाला संध्या आठवते, आणि एखादीला वाटतं अजून कसा आला नाही. वाक्य एकच. याला म्हणतात व्यंजना." मग थोडं थांबून, "तुझ्या परीक्षेत काय विचारतात?"

मी म्हटलं, यावरून काय अनुमान निघतं ते विचारतात.

"मग काय निघतं?"

मी विचार केला. "आता अंधार पडेल, एवढंच निघतं."

"आणि गुरं?"

"गुरं वाक्यात नाहीत."

काका खूश झाले आणि बहिणीच्या वहीकडे वळले. माझी मात्र झोप उडाली. रात्री सगळे झोपल्यावर मी तो 9 चा पेपर उघडला. महिना झाला होता. 15 चुका एकेक करून बघितल्या. मला वाटलं होतं शब्द अडले असतील, वेळ पुरली नसेल. शब्दांमुळे चुकलेले दोन होते. घाईनं तीन. उरलेल्या 10 ठिकाणी मी निवडलेलं विधान खरं होतं. जगात खरं होतं, शहाण्या माणसाला पटण्यासारखं होतं, काही ठिकाणी तर लेखकाच्या विधानापेक्षा चांगलं होतं. फक्त उताऱ्यात नव्हतं. मी गुरं हाकत घरी आणली होती, दहाच्या दहा वेळा. जयसिंगपूरच्या मित्राला मुंग्यांशी देणंघेणं नव्हतं म्हणून तो मुंग्यांच्या तोंडी स्वतःचं काही घालत नव्हता. मी घालत होते, तेही प्रेमानं.

दुसऱ्या दिवशी बहिणीकडून एक दोनशे पानी वही घेतली. नवा नियम केला: रोज एकच उतारा, घड्याळाशिवाय. प्रत्येक परिच्छेदासमोर मराठीत एक ओळ. आणि ती ओळ लेखक काय म्हणतो याची नाही, लेखक इथं काय करतोय याची. दावा मांडतोय. दाखला देतोय. समोरच्याचं म्हणणं मांडतोय. थोडं मान्य करतोय. मान्य केलेलं परत काढून घेतोय. हे मराठीत लिहिणं मला सुचलं ते काही फार विचार करून नाही. इंग्रजीत लिहायला लागले की उताऱ्यातलेच शब्द उचलून ठेवले जायचे आणि कळल्याचा भास व्हायचा. मराठीत लपायला जागा नव्हती. कळलं असेल तरच लिहिता यायचं.

एकदा "ऑस्टेन्सिबली" हा शब्द आला. तो माझ्या वाहून गेलेल्या यादीत होता, अर्थासकट. तरी वाचताना मी तो नेहमी रस्त्यातल्या खड्ड्यासारखा ओलांडत आले होते. त्या दिवशी ओळ लिहिताना पेन अडलं. मराठीत काय? दिसायला. वरवर पाहता. मग सापडलं: वरकरणी. आणि सबंध परिच्छेद उलटा झाला. लेखक त्या संस्थेची स्तुती करतोय असं मी समजत होते. तो म्हणत होता की ती वरकरणी लोकांच्या भल्यासाठी काढली होती. या एका शब्दावर चारातले दोन प्रश्न उभे होते. "वरकरणी" हा शब्द आमच्या घरी दिवसातून दोनदा तरी निघत असेल, बहुतेक वेळा नातेवाइकांबद्दल. मला तो इंग्रजीत ओळखू आला नव्हता, एवढंच.

आता इथं मी असं लिहायला हवं की त्यानंतर गुण चढत गेले. पुढच्या पेपरांचे आकडे असे: 24, 31, 19, 40, 27. यशाच्या गोष्टी सांगणारी माणसं यातले 19 आणि 27 गाळून सांगतात, म्हणून ऐकणाऱ्याला वाटतं आपलंच काहीतरी बिघडलंय. 40 नंतर 27 आला त्या दिवशी मी वही फेकली होती. अप्पांनी ती उचलून फळीवर ठेवली आणि विचारलं, चूक आजच शोधणार आहेस का? मी म्हटलं, मग कधी? ते म्हणाले, "दुकानात रात्री रोजकीर्द जुळली नाही की आम्ही शोधत बसत नाही. दमलेल्या डोळ्याला चुकलेला आकडाच बरोबर दिसतो. सकाळी उघडली की पाच मिनिटांत सापडतो." चाळीस वर्षं खतावणीत घालवलेल्या माणसाचं हे तंत्र. तेव्हापासून मी रविवारी पेपर द्यायचा आणि सोमवारी सकाळी उघडायचा असं ठरवलं. रविवारची संध्याकाळ वाईटच जायची, त्यावर काही औषध सापडलं नाही. पण सोमवारी बघताना तो पेपर थोडा दुसऱ्या कुणाचा वाटायचा, आणि दुसऱ्याच्या चुका आपल्याला लगेच दिसतात.

मग ऑक्टोबरमधला तो पेपर. तिसरा उतारा उघडला आणि माझ्या अंगावर काटा आला. विषय: नद्यांचे पूर. घराच्या भिंतींना अजून ओल होती, दिवाळी तोंडावर आली तरी माजघरात तो वास होता, आणि हे कुणीतरी मला पुराबद्दल सांगणार होतं! मला वाटलं, देव पावला. पाचही प्रश्न आपलेच. वाचायला दोन मिनिटं लागली असतील, इतर उताऱ्यांच्या निम्मी. पटापट खुणा केल्या आणि वाचलेला वेळ पुढच्या उताऱ्याला दिला.

5 पैकी 1 बरोबर. 3 उणे 4. पुराच्या विषयात मला शून्याच्याही खाली गुण होते.

या वेळी सोमवारची वाट बघवली नाही. रात्री पेपर उघडला. उताऱ्यातला लेखक म्हणत होता ते थोडक्यात असं. नदीकाठी बांध घातला की लहान पूर अडतात. मग लोकांना सुरक्षित वाटायला लागतं. बांधामागची जमीन महाग होते, तिथं घरं होतात, दुकानं होतात, माणसं वाढतात. आणि मग एके वर्षी बांधाच्याही वरून जाणारं पाणी येतं, तेव्हाचं नुकसान बांध नसता तर झालं असतं त्याहून मोठं असतं. पहिल्या प्रश्नात उताऱ्याचा मुख्य मुद्दा विचारला होता. मी निवडलेलं उत्तर: धरणांतून पाणी सोडण्यात समन्वय नसल्यानं पूर तीव्र होतात. मी उतारा पुन्हा वाचला. धरण हा शब्द त्यात कुठेच नव्हता. मग लहान पूर अडतात हे वाक्य लेखकानं का लिहिलं, असा प्रश्न. मी म्हटलं होतं, आपल्या म्हणण्याला बळ देण्यासाठी. खरं तर तो तिथं विरोधी बाजूला थोडं मान्य करत होता, "मान्य करतोय" अशी ओळ मी गेले दोन महिने रोज कुठल्या ना कुठल्या परिच्छेदासमोर लिहीत होते. उरलेल्या दोन चुकांचंही तसंच. चारही ठिकाणी मी अलमट्टी आणून बसवलं होतं.

तोवर मी हे परीक्षेपुरतं बघत होते. सापळा कुठं होता, मी कशी अडकले. पाचव्यांदा वाचताना मात्र नजर सहज दाराकडे गेली. धुतलेल्या भिंतीवर 2005 ची रेघ फिकट झाली होती, पण होती. सुरक्षित वाटायला लागतं, असं लेखक म्हणत होता. आमच्या घराला बांध नव्हता, नदीकाठच्या भिंती आमच्यापासून लांब. पण रेघ होती. चौदा वर्षं आम्ही त्या रेघेच्या आडोशाला राहिलो. तिच्यावर हिशेब केला, तिच्या फूटभर वर सामान ठेवलं आणि झोपलो. अनोळखी माणसानं, सांगलीचं नाव न ऐकता, आमच्या माजघराबद्दल लिहिलं होतं, आणि मी दोन मिनिटांत ते संपवलं होतं, कारण मला त्यातलं सगळं आधीच माहीत होतं.

अप्पांना मी तो उतारा मराठीत सांगितला. ते ऐकून काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "पण अलमट्टीचं काहीच लिहिलं नाही त्यानं." मला इतकं हसू आलं की आई उठून आली.

24 नोव्हेंबरला कोल्हापूरला परीक्षा दिली, दुपारच्या सत्रात. अप्पा बरोबर आले होते, केंद्राबाहेरच्या टपरीवर तीन तास बसून राहिले. पाच उताऱ्यांतला एक मी सरळ सोडला. सहा महिन्यांपूर्वी हे माझ्या हातून झालं नसतं. वाचता न येणारं काहीतरी जगात आहे, ते तसंच ठेवून पुढं जायचं, याला मला सगळ्यात जास्त वेळ लागला होता. जानेवारीत निकाल आला. वाचनाच्या विभागात 87 पर्सेंटाइल, एकूण त्याहून कमी. गणितानं घात केला, ज्याला मी बाहेरची वस्तू म्हणत होते त्यानं. पर्सेंटाइल म्हणजे शंभरात किती मिळाले ते नव्हे, शंभरातले किती मागे राहिले ते, हे समजावताना माझा निम्मा जानेवारी गेला. आईनं पेढे आणायला पैसे काढले होते, तिला सांगावं लागलं की 87 हा पेढ्यांचा आकडा नाही. कुठल्याच आयआयएमचं बोलावणं आलं नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा बसले. तोवर करोना आलेला. परीक्षा तीन तासांची दोन तासांवर आली, विभागाला 60 ऐवजी 40 मिनिटं, आमच्या विभागात 34 ऐवजी 26 प्रश्न. वर्षभर बांधलेलं वेळेचं गणित पुन्हा मांडावं लागलं. दोनशे पानी वही संपून दुसरी लागली होती. त्या खेपेला 93 आले आणि मुंबईच्या एका संस्थेत प्रवेश मिळाला. आयआयएम नाही, पण बरी. नातेवाईक विचारतात, आयआयएम का नाही गं मिळालं, तू तर एवढी वाचणारी. मी म्हणते, त्याचमुळे. त्यांना तो विनय वाटतो.

प्रवेश मिळाला तरी सुरुवातीचे वर्ग घरूनच होते, ऑनलाइन. त्यामुळे जुलै 2021 मध्ये पुन्हा पाणी चढायला लागलं तेव्हा मी सांगलीतच होते. दाराच्या मागे आता दोन रेघा होत्या. 2019 ची अप्पांच्या डोक्याशी येते, ती त्यांनी लाल रंगात मारली आहे. संध्याकाळी मोबाइल वाजला. कोयनेचा विसर्ग, आयर्विनची पातळी, नदीकाठच्या लोकांना सूचना, असा नेहमीचाच मजकूर. मी वाचून दाखवला. अप्पांनी सवयीनं दाराकडे मान वळवली.

"परत वाच," ते म्हणाले. "सावकाश."

मी परत वाचलं. एकेक वाक्य.

"अलमट्टीचं काय म्हणतात?"

"ह्यात अलमट्टी नाही, अप्पा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग उठून धोतराचा काचा खोचला. "बरं. मग आधी गाद्या वर घे," ते म्हणाले. "फ्रिजचं टोक मी धरतो."